अकरमन कधी मोटारीत बसला नाही

टीओएमच्या ओरलला आमची चौघांची बॅच आत गेली आणि एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न स्टिअरिंगवर टाकला. मी खूश. करेक्ट स्टिअरिंगची कंडिशन आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत घोकली होती. कॉट फाय वजा कॉट थीटा बरोबर पिव्हटमधलं अंतर भागिले व्हीलबेस, असं एका दमात म्हणून दाखवलं. अकरमन गिअरची आकृतीही काढली. सरांनी मान हलवली आणि सहज विचारलं, की हा अकरमन कोणती गाडी चालवायचा? मी क्षणभरही विचार न करता एका जर्मन मोटारीचं नाव ठोकून दिलं. सर हसले. म्हणाले, तो वारला त्यानंतर दहा वर्षांनी कार्ल बेंझ जन्माला आला. पुढचा विद्यार्थी.

हॉस्टेलवर हा किस्सा महिनाभर चालला. मेसमध्ये ताट घेऊन उभा राहिलो तरी कुणीतरी ‘काय अकरमन’ म्हणून हाक मारायचं. पण मी तो माणूस शोधायला लागलो ते ओरलमुळे नाही. त्याला कारण घडलं दिवाळीच्या सुट्टीत, वाईला, अण्णांच्या गॅरेजमध्ये.

काकांची गाडी जुनी, साधी, पॉवर स्टिअरिंग नसलेली. दोन महिन्यांपासून साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायचं. खड्ड्यात गेली की पुढून डावीकडून ठक्क. डाव्या टायरची आतली कड खाल्ली गेलेली. आणि काका शिरवळहून परतताना रोज खंबाटकी घाट चढतात! अण्णांनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅकवर उचलून खाली घोडी दिली आणि चाक मला धरायला लावलं. घड्याळात जिथे नऊ आणि तीन असतात तिथे दोन हात. हलवलं तर चाक खुळखुळलं. मग बारा आणि सहावर धरून हलवलं, तर गप्प. म्हणजे बेअरिंग बरं, खालचा बॉल जॉइंट बरा, गेलाय तो टाय रॉड एंड.

वाकून पाहिलं. रबराचं बूट फाटलेलं, आतलं ग्रीस मातीत मिसळून काळं खरखरीत झालेलं, आणि नटमध्ये स्प्लिट पिनच्या जागी आधीच्या कुठल्यातरी गॅरेजवाल्याने बांधलेली तार. अण्णांनी ती तार तोडून माझ्या हातात ठेवली. काहीही बोलले नाहीत. त्या वाटीतून तो बॉल निसटला असता तर स्टिअरिंग काकांच्या हातात राहिलं असतं आणि डावं चाक त्याला वाटेल तिकडे गेलं असतं. तेवढी तार हातात धरून मी बराच वेळ उभा होतो.

काम मी केलं, अण्णांनी करून घेतलं. आधी लॉक नट सैल करायचा. मग टेपरमध्ये घट्ट बसलेला स्टड सोडवायचा. पुलर नव्हता, तेव्हा मी उत्साहाने स्टडच्या टोकावरच हातोडी घातली आणि शिव्या खाल्ल्या. फक्त बूट बदलायचं असतं तर आटे बसवून पार्ट भंगारात घालवला असतास, म्हणाले. मार द्यायचा तो स्टिअरिंग आर्मच्या डोळ्याला, बाजूने, दुसरी हातोडी मागे टेकवून. दोन ठोक्यांत टेपर सुटला. मग जुना एंड फिरवून काढताना फेरे मोजायचे. सतरा. अण्णांनी मडगार्डवर खडूने सतरा लिहिलं. नवीन एंड सतरा फेरे चढवला, कॅसल नट आवळला, पिनचं भोक जुळेना तेव्हा नट मागे न घेता आणखी पुढे आवळून जुळवलं, नवी कोरी स्प्लिट पिन घालून पाय वाकवले. सतरा फेरे मोजले म्हणजे अलाइनमेंट झाली असं मला वाटत होतं. तर नव्या आणि जुन्या एंडची लांबी नेमकी एक नसते, त्यामुळे सतरा फेरे म्हणजे फक्त अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत गाडी सरळ जाईल एवढी हमी. मशीनवर टो बराच बाहेर निघाला.

हात धुताना अण्णांनी विचारलं, ही दांडी आणि हे सांधे कुणी काढले? मी म्हटलं, अकरमनने. त्यांनी विचारलं, कुठला मिस्त्री तो?

आता हा प्रश्न मला एक्स्टर्नल सरांच्या प्रश्नापेक्षा अवघड गेला. कॉलेज सुरू झाल्यावर लायब्ररीत बसलो आणि जे सापडलं ते वाचून थक्क झालो. कारण रुडॉल्फ अकरमन हा मिस्त्री होताही आणि नव्हताही.

त्याचा जन्म २० एप्रिल १७६४ चा, जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या स्टोलबर्ग गावचा. बाप खोगीर बनवणारा. पुढे कुटुंब जवळच्या श्नेबर्गला गेलं. पोराला शिकायची हौस होती, लॅटिन शाळेतही गेला, पण युनिव्हर्सिटीचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. मग बापाच्याच धंद्यात चामडं कापायला बसला. खोगीर करणाऱ्याचा आणि बग्गी करणाऱ्याचा धंदा शेजारशेजारचा, आणि ह्या पोराचा हात चित्रात चांगला. त्यामुळे तो हळूहळू बग्ग्यांची डिझाइनं काढू लागला. आजच्या भाषेत ऑटोमोबाइल स्टायलिंग म्हणा ना. जर्मनी, स्वित्झर्लंड, पॅरिस, ब्रसेल्स असं कारखान्या-कारखान्यांतून हात सुधारत १७८० च्या दशकात तो लंडनला पोचला.

लंडनमध्ये बग्गी म्हणजे श्रीमंताची इभ्रत. तिथल्या बग्गीवाल्यांना नव्या नव्या नमुन्यांची भूक होती आणि हा जर्मन पोरगा ती भागवत होता. १७९० मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटच्या राजेशाही बग्गीचं डिझाइन त्याच्याकडे आलं. १८०४ मध्ये नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी पोप सातवे पायस पॅरिसला निघाले, त्यांच्या बग्गीचं काम त्याच्याकडे. आणि पुढच्याच वर्षी ट्रॅफलगारच्या लढाईत ॲडमिरल नेल्सन पडला, त्याच्या अंत्ययात्रेच्या रथाच्या कामातही हाच. एकाच माणसाने पोपची गाडी आणि नेल्सनचा रथ दोन्ही केले, हे वाचून मला गंमत वाटली. आमच्या पुस्तकात ह्यातली एक ओळही नाही.

पण खरी कमाई झाली ती बग्गीवर नव्हे. १७९२ मध्ये एका इंग्लिश मुलीशी लग्न झालं आणि १७९५ च्या सुमारास त्याने स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर चित्रांचं दुकान टाकलं. लवकरच १०१ नंबरच्या मोठ्या जागेत गेला. तिथे चित्रं विकायची, भाड्याने द्यायची, रंग-कागद विकायचे, वर चित्रकलेची शाळा. दुकान इतकं वाढलं की जागा पुरेना म्हणून १८०६ मध्ये शाळा बंद करावी लागली. १८०८ ते १८१० मध्ये त्याने ‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’ हे पुस्तक काढलं. शहराची १०४ रंगीत चित्रं, इमारती प्युजिन नावाच्या चित्रकाराच्या आणि त्यांतली माणसं रोलँडसनची. रंगीत छपाई तेव्हा सर्रास होत नव्हती. प्रत्येक चित्र हाताने रंगवायचं. हजार प्रती म्हटल्या तर एक लाख चार हजार चित्रं! आम्ही इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या वीस शीट्सना रडतो.

१८०९ पासून १८२८ पर्यंत त्याने ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’ नावाचं मासिक चालवलं. त्यात फॅशन, फर्निचर, बातम्या, विज्ञान सगळं असायचं, आणि कापडाविषयी लिहायचं तर त्या कापडाचे खरे तुकडे पानावर चिकटवलेले असायचे. वाचकाने हात लावून पाहावं. हे डोकं कारागिराचं आहे, नुसत्या प्रकाशकाचं नाही.

ह्या माणसाला नव्या गोष्टींचं व्यसन होतं. कागद आणि कापड वॉटरप्रूफ करण्याच्या पद्धतीचं पेटंट त्याने १८०१ मध्येच घेतलं, चेल्सीला त्याचा कारखानाही टाकला. १८०७ मध्ये बलूनमधून पत्रकं टाकण्याचा प्रयोग केला. लंडनमध्ये गॅसचे दिवे आले तेव्हा ते लावणाऱ्या अगदी पहिल्या दुकानदारांत तो होता. १८१५ चं गॅसच्या दिव्यांवरचं पुस्तकही त्यानेच छापलं. यातलं मूळ शोध म्हणावं असं त्याचं स्वतःचं थोडंच. पण कुठे काय नवीन निघालंय ह्याचा वास त्याला आधी लागायचा, आणि ती गोष्ट बाजारात उभी करायची खटपट तो स्वतःच्या खिशातून करायचा.

माणसांच्या बाबतीतही तसंच. फ्रेंच क्रांतीनंतर लंडनला पळून आलेले सरदार, पाद्री, खानदानी बायका उपाशी मरत होत्या. भीक घेणं त्यांना लाजिरवाणं. अकरमनने त्यांना पडदे, फुलदाण्यांचे स्टँड असल्या शोभेच्या वस्तू बनवायचं काम दिलं. पन्नासेक माणसं एका वेळी त्याच्याकडे असायची. विल्यम कूम नावाचा लेखक कर्जापायी तुरुंगात होता. रोलँडसनने काढलेलं चित्र त्याच्याकडे तिथे जायचं आणि कूम त्यावर कविता करायचा. त्यातून ‘डॉक्टर सिंटॅक्स’ हे त्या काळचं तुफान खपलेलं पुस्तक झालं. आणि १८१३ मध्ये लाइपझिगच्या लढाईनंतर सॅक्सनीतली गावं उद्ध्वस्त झाली, तेव्हा अकरमनने लंडनमध्ये मदतीचं काम अंगावर घेतलं. लोकवर्गणी आणि पार्लमेंटची मदत मिळून दोन लाख पौंडांहून जास्त रक्कम वाटली गेली. युनिव्हर्सिटीत जाता आलं नाही म्हणून ज्या मुलुखातून हा निघाला होता, त्याच मुलुखासाठी.

आता येऊ आपल्या विषयाकडे. अकरमनचा म्युनिकशी संबंध जुळला होता. तिथे सेनेफेल्डरने दगडावरून छापायची युक्ती काढली होती, म्हणजे आपल्याकडे जुन्या मराठी पोथ्या ज्यावर छापल्या तो शिळाप्रेस. अकरमनने १८१७ मध्ये लंडनला शिळाप्रेस सुरू केला आणि १८१९ मध्ये सेनेफेल्डरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही छापलं. त्याच म्युनिकमध्ये गेओर्ग लांकेनस्पेर्गर नावाचा राजाचा बग्गीवाला होता. त्याने १८१६ मध्ये पुढच्या चाकांची नवी मांडणी काढली होती.

तोपर्यंतची बग्गी कशी वळायची ते आधी बघू. पुढचा आख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरायचा, दोन्ही चाकांसकट. त्यामुळे जोरात वळलं की आतलं चाक बग्गीच्या पोटाखाली घुसायचं. ते घासू नये म्हणून पुढची चाकं लहान करा, नाहीतर पेटी उंच करा. लहान चाक खड्ड्यात बसतं, उंच पेटी कलंडते. त्यात पूर्ण वळल्यावर पुढची दोन्ही चाकं जवळजवळ मधोमध येतात आणि चार पायांचं टेबल तीन पायांचं होतं. शिवाय एका चाकाला दगड लागला तर अर्ध्या आसाच्या लांबीचा हिसका सगळ्या गाडीला. आपल्याकडे बैलगाडी दोन चाकी, तिला हा प्रश्नच नाही. चार चाकी असतो तो जत्रेतला रथ. त्याचा आस तर फिरतच नाही. जळगावच्या रामाच्या रथाला वळवायचं तर चाकाखाली लाकडी मोगरी लावावी लागते, आणि ती लावणाऱ्यांचं काम म्हणजे जिवाशी खेळ.

लांकेनस्पेर्गरने आस गाडीला पक्काच ठेवला. फक्त दोन टोकांना छोटे आखूड आस स्वतंत्र खिळींवर बसवले, आणि दोन्ही चाकं एकदम वळावीत म्हणून त्यांना दांडीने जोडलं. बस्स. चाक जागच्या जागी वळतं, चारही पाय चार कोपऱ्यांत राहतात, पेटी खाली आणता येते. डार्विनच्या आजोबांना, डॉक्टर इरॅस्मस डार्विनना, १७५० च्या दशकाच्या अखेरीस असंच काहीसं सुचलं होतं. पेशंट बघायला रात्रंदिवस बग्गीतून हिंडायचे ते. पण त्यांनी पेटंट घेतलं नाही आणि ती कल्पना तिथेच राहिली. लांकेनस्पेर्गरला मात्र लंडनमध्ये अकरमन भेटला. २७ जानेवारी १८१८ रोजी इंग्लंडमध्ये ह्या आसाचं पेटंट घेतलं गेलं. शोध म्युनिकच्या कारागिराचा, खटपट त्याच्या वतीने अकरमनची, आणि कागदावर नावही अकरमनचं. पुढच्याच वर्षी ह्या आसाचे फायदे सांगणारी पुस्तिकाही त्याने छापली.

आणि धंदा? पडला. ज्या लंडनच्या बग्गीवाल्यांसाठी त्याने तरुणपणी नमुने काढले त्यांनी ह्या आसाला जवळ केलं नाही. पुस्तकांत त्यांना अडाणी ठरवलेलं दिसतं. मला तसं वाटत नाही. अण्णांच्या गॅरेजमध्ये तो काळा खरखरीत ग्रीसचा गोळा बोटाने काढल्यावर मला ते बग्गीवाले पटले. जुन्या गाडीत एक खीळ. ह्या गाडीत दोन खिळी, वर दांडीच्या टोकांचे सांधे. प्रत्येक सांधा म्हणजे झीज, प्रत्येक झीज म्हणजे खुळखुळ. तेव्हा ना कडक केलेला स्टीलचा बॉल, ना रबरी बूट, ना नटात स्प्लिट पिन. दगडी रस्त्यावर सहा महिन्यांत ते सांधे किती ढिले झाले असते ह्याचा अंदाज टाय रॉड एंड बदललेल्या माणसाला येतो. कल्पना बरोबर होती, सांधा तयार नव्हता.

अकरमनने त्यावर रडत बसल्याचं कुठे दिसत नाही. तो पुढच्या उद्योगाला लागला. १८२० च्या दशकात त्याने दक्षिण अमेरिकेत नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांसाठी स्पॅनिश पुस्तकं छापली, ती लंडनला पळून आलेल्या स्पॅनिश लेखकांकडून लिहून घेऊन. नाताळला भेट द्यायची ‘फर्गेट मी नॉट’ नावाची वार्षिकं काढली, त्यांची तर लाटच आली. १८३० मध्ये अर्धांगाचा झटका आला आणि ३० मार्च १८३४ रोजी लंडनजवळ फिंचलीला तो गेला. शेवटपर्यंत लोकांच्या लेखी तो पुस्तकांचा आणि चित्रांचा माणूस. आसाचं पेटंट ही त्याच्या चरित्रातली एक फसलेली बाब होती.

मग त्याचं नाव आपल्या टीओएममध्ये आलं कसं? मोटार आली म्हणून. घोडा गेल्यावर चाक वळवायचं काम माणसाच्या हातावर आलं, आणि आख्खा आस हाताने फिरवणं म्हणजे दंड मोडायची पाळी. १८७८ मध्ये पॅरिसच्या शार्ल झांतोने आर्म आतल्या बाजूला तिरके ठेवायचा नियम मांडला. आर्मच्या रेषा वाढवल्या तर मागच्या आसाच्या मध्यावर मिळाव्यात, तो आपण शीटवर काढतो तोच. बेंझची १८८६ ची गाडी तीन चाकी होती, पुढे एकच चाक. १८९३ मध्ये त्याने स्वतंत्र खिळींच्या स्टिअरिंगचं पेटंट घेतलं आणि मग त्याच्या गाड्या चार चाकी झाल्या. ह्या सगळ्यांना मिळून जे नाव चिकटलं ते इंग्लंडच्या पेटंटवरचं. लांकेनस्पेर्गर गेला, झांतो गेला, राहिला अकरमन. आणि खरं सांगायचं तर आजच्या गाड्या ती कॉटची कंडिशनही तंतोतंत पाळत नाहीत. वेगात टायर थोडं सरकतंच, म्हणून डिझाइनवाले हिशोबाने कमी-जास्त करतात. ओरलला मात्र हे सांगू नका.

ह्या वर्षी आमचा बी.ई.चा प्रोजेक्ट स्टिअरिंगच्या मॉडेलचाच आहे. फेब्रुवारीत रिपोर्ट बाइंडिंगला गेला. पहिल्या पानावर आम्हा चौघांची नावं, खाली गाइड सर. आभारात प्रिन्सिपल सर, एचओडी सर, आणि शेवटी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणारे सर्व, ही हॉस्टेलभर फिरणारी सीनिअर्सची ओळ. मॉडेलमधले चारही बॉल स्टड वर्कशॉपच्या मामांनी लेथवर काढून दिले होते. आमचे तीन तुकडे वाया गेल्यावर, जेवायची सुट्टी सोडून. टेपर किती अंशांचा ठेवायचा हेही त्यांनीच सांगितलं, आम्ही फक्त रिपोर्टमध्ये कॅल्क्युलेशन मागाहून बसवलं. म्हणजे मामा त्या ‘सर्व’मध्ये होते.

पार्टनरला म्हटलं, पान बदलू. तो म्हणाला, चार कॉप्या आहेत, परत स्पायरल कोण उघडणार? मग लक्षात आलं की पान टाइप करायला बसलो तरी मामांचं पूर्ण नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. चार वर्षं नुसतं मामा. ऑफिसात जाऊन मस्टरवरून उतरवून आणलं. चारही कॉप्या उघडल्या, झेरॉक्सवाल्याने परत बाइंडिंगचे पैसे घेतले, आणि एक कॉपी दाखवायला वर्कशॉपमध्ये गेलो. मामांनी चष्मा लावून ते पान वाचलं. आडनावात एक वेलांटी चुकली होती ती पेनने दुरुस्त केली. मग लेथखालच्या किसाकडे बोट दाखवून विचारलं, की हा गेल्या आठवड्यापासून पडलाय, तो कोण झाडणार?